संगणकीय कागदपत्रांची राखण : नक्कल व छपाई यांसंबंधी एक अभ्यासपाठ

(प्राथमिक शिक्षकांच्या केंद्रसंमेलनासाठी)

१. प्रास्ताविक

शाळेचे दप्तर म्हटले की लाकडी कपाट, त्यातील जनरल रजिस्टर आणि मुख्याध्यापकांजवळ असलेली त्या कपाटाची किल्ली, असे चित्र आपल्या डोळ्यांपुढे उभे राहते. आज त्या दप्तराचा मोठा भाग संगणकात आणि शिक्षकांच्या मोबाईलमध्ये गेलेला आहे. मुलांच्या याद्या, आधार क्रमांक, बँकेच्या खात्यांचा तपशील, शाळा सोडल्याचे दाखले, घटक चाचण्यांच्या प्रश्नपत्रिका हे सर्व आता फाईलच्या रूपाने इकडून तिकडे जाते. कपाट बदलले, परंतु राखणीची आपली रीत मात्र बदलली नाही.

कागद आणि फाईल यांत एक मूलभूत भेद आहे. कपाटातील कागद कोणी नेला, तर त्याची जागा रिकामी दिसते. फाईलची नक्कल कोणी नेली, तर मूळ फाईल जेथल्या तेथेच राहते. चोरी झाली हेच आपल्याला कळत नाही.

ह्या विषयाकडे प्रस्तुत लेखकाचे लक्ष वेधले गेले ते एका साध्या प्रसंगाने. एका प्रशिक्षणवर्गाच्या निमित्ताने काही दिवस घाटकोपर येथे जाणेयेणे होते व मुक्काम मुलुंड येथे होता. दोन पाने छापून घ्यावयाची म्हणून एका झेरॉक्सच्या दुकानात गेलो. दुकानदाराने आपला व्हॉट्सॲप क्रमांक दाखविला, मी फाईल पाठविली आणि त्याने ती संगणकाच्या पडद्यावर उघडली. माझ्या फाईलच्या वर आणि खाली अनोळखी माणसांच्या फाईलींची रांगच रांग होती. कोणा मुलीचा शाळा सोडल्याचा दाखला, कोणाचे आधारपत्र, कोणाचे पासबुक. "हे पुसून का टाकीत नाही?" असे विचारता तो निर्मळपणे म्हणाला, "पुसायला वेळ कोठे आहे, गुरुजी?" त्याच्या मनात काही वाईट नव्हते. परंतु माझ्या अंगावर काटा आला. कारण दोन वर्षांपूर्वी माझ्याच वर्गातील ३२ मुलांची, आधार क्रमांक व खाते क्रमांक असलेली यादी मी तालुक्याच्या गावी अशाच एका दुकानात पाठविली होती. परत आल्यावर मी तेथे चौकशी केली. जुना संगणक त्यांनी केव्हाच विकून टाकला होता. ती यादी आता कोठे आहे, हे मला कधीही कळणार नाही.

मुंबई उपनगर जिल्ह्यास जिल्हा परिषद नाही. तेथील सार्वजनिक प्राथमिक शाळा महानगरपालिका चालविते. तरीही अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथे संगणकीय कागदपत्रांचा व्यवहार आपल्याकडील व्यवहाराच्या कितीतरी पट मोठा असल्यामुळे तेथील अनुभव आपणांस मार्गदर्शक ठरण्यासारखा आहे.

२. जुनी परंपरा

नक्कल व फेरफार यांपासून कागद राखण्याची चिंता नवी नाही. शिवकालीन राजपत्रांवर वरच्या बाजूस मुख्य मुद्रा असे आणि मजकूर संपला की तेथे मर्यादा दर्शविणारी दुसरी लहान मुद्रा उमटवीत. पत्र येथे संपले, ह्यापुढे कोणी एक अक्षरही वाढवू नये, असा तिचा अर्थ. ह्या दुसऱ्या शिक्क्यास मोर्तब म्हणत आणि 'शिक्कामोर्तब' हा आपल्या नित्याच्या बोलण्यातील शब्द त्यावरूनच रूढ झाला.

पुढे कागदाच्या पोटातच खूण घालण्याची कला आली. इटलीतील फाब्रियानो येथे तेराव्या शतकात कागदात जलचिन्ह उमटविण्यास प्रारंभ झाला. आपल्याकडे नाशिकरोड येथील सरकारी छापखान्यात मुद्रांक आणि १९२८ पासून चलनी नोटा छापल्या जात आहेत. तेथे कागद, शाई, जलचिन्ह आणि मोजदाद ह्या सर्वांची मिळून एक राखण असते. तरीसुद्धा २००१ मध्ये अटक झालेल्या अब्दुल करीम तेलगी याच्या बनावट मुद्रांकांच्या प्रकरणाने एक गोष्ट स्पष्ट केली. साधन कितीही उत्तम असो; ते हाताळणारी माणसे व त्यांची शिस्त ढिली पडली, तर त्या साधनाचा उपयोग होत नाही. हाच नियम संगणकासही लागू आहे.

३. तीन निरनिराळे प्रश्न

"फाईल सुरक्षित कशी करावी?" असा एकच प्रश्न आपण विचारतो. वस्तुतः हे तीन प्रश्न आहेत आणि प्रत्येकाचे उत्तर वेगळे आहे.

(अ) फाईल कोणी वाचावी? ह्याचे उत्तर पासवर्ड हे होय. आपण बहुधा जी पी.डी.एफ. फाईल वापरतो, तो प्रकार अडोबी कंपनीने १९९३ मध्ये प्रचारात आणला. तीत दोन प्रकारची कुलुपे असतात. पहिले कुलूप फाईल उघडण्याचे. ते लावले की सर्व मजकूर कूटलिपीत बदलतो आणि किल्लीवाचून तो वाचता येत नाही. किल्ली लांब व अनपेक्षित असेल, तर हे कुलूप खरोखरच भक्कम असते. दुसरे कुलूप छपाई व नक्कल यांना मनाई करण्याचे. ते मात्र फसवे आहे. कारण येथे फाईल सर्वांना उघडता येते. फक्त "छापू नये, उतरवू नये" अशी सूचना तीत लिहिलेली असते. वाचक ज्या साधनाने फाईल पाहतो, त्या साधनाने ती सूचना मानली तर मानली. न मानणारी साधने हवी तेवढी आहेत. शेताच्या बांधावर "आत येऊ नये" अशी पाटी लावावी, तसा हा प्रकार आहे. पाटी सज्जनास अडविते. कुंपणाचे काम ती करीत नाही.

२००१ च्या जुलैमध्ये दिमित्री स्क्ल्यारोव्ह या रशियन संगणकतज्ज्ञास अमेरिकेत लास व्हेगास येथे अटक झाली. अडोबीच्या संगणकीय पुस्तकांवरील असे निर्बंध काढून टाकणारी आज्ञावली त्याने लिहिली होती. पुढील वर्षाच्या डिसेंबरमध्ये त्याच्या कंपनीस ज्यूरीने निर्दोष ठरविले. कायद्याचा वाद काहीही असो, पाटी आणि कुंपण यांतील अंतर जगाला तेव्हाच दिसून आले.

(आ) फाईलमध्ये बदल झाला, तर तो कळेल काय? ह्याचे उत्तर डिजिटल स्वाक्षरी. माहिती तंत्रज्ञान अधिनियम, २००० याने तिला कायद्याची मान्यता दिली. ही स्वाक्षरी म्हणजे सहीचे छायाचित्र नव्हे. संपूर्ण मजकुरावरून गणिताने काढलेली ती एक खूण असते. मजकुरातील एक स्वल्पविराम जरी बदलला, तरी खूण जुळत नाही. महसूल विभागाचा डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उतारा आपणांपैकी अनेकांनी पाहिला असेल. त्यावरील पडताळणी क्रमांक घालून तो खरा की खोटा हे कोणालाही तपासता येते. ही स्वाक्षरी नक्कल थांबवीत नाही. ती फक्त बनावट उघडी पाडते. जुन्या मोर्तबाचेच हे नवे रूप होय.

(इ) फाईल फुटली, तर ती कोठून फुटली हे कळेल काय? ह्याचे उत्तर जलचिन्ह. प्रत्येक प्रतीवर ती ज्यास दिली त्याचे नाव किंवा संकेतांक फिकट अक्षरांत छापावयाचा. पुढे ती प्रत कोठेही आढळली, तरी मूळ धारक ओळखता येतो. आपली ओळख कागदावर आहे, एवढ्या जाणिवेनेही पुष्कळांचा हात आवरतो.

ह्या तिन्हींपलीकडे एक सत्य आहे आणि ते शिक्षकांनी मनात पक्के धरावे. जे डोळ्यांना दिसते, त्याची नक्कल पूर्णपणे थांबविणारे साधन अस्तित्वात नाही. व्हॉट्सॲपवर एकदाच पाहता येईल असे छायाचित्र पाठविता येते, गूगल ड्राईव्हवर उतरवणे व छापणे बंद करता येते. परंतु समोरचा माणूस दुसऱ्या मोबाईलने पडद्याचे छायाचित्र घेऊ शकतो. पूर्वी काही जण "मजकुराचे चित्र करून पाठवा, म्हणजे अक्षरे उचलता येणार नाहीत" असा सल्ला देत. आता साधा मोबाईलही चित्रातील देवनागरी अक्षरे वाचतो. उलट अशा चित्रांमुळे पडदावाचक वापरणाऱ्या दृष्टिहीन शिक्षकांची व विद्यार्थ्यांची मात्र अडचण होते.

४. अंधेरीचा धडा

मार्च २०१७ मध्ये बारावीच्या काही विषयांच्या प्रश्नपत्रिका परीक्षेच्या वेळेपूर्वीच मुंबई व नवी मुंबई भागात व्हॉट्सॲपवर फिरू लागल्या. त्यानंतर २५ प्रतींची लहान पाकिटे करून ती वर्गात, परीक्षार्थींच्या समक्ष उघडण्याची पद्धत आली. तरीही मार्च २०१८ मध्ये अंधेरीतील एका केंद्रावर दहावीच्या परीक्षार्थींच्या मोबाईलमध्ये प्रश्नपत्रिका आढळली. आंबोली पोलिसांनी सुरू केलेल्या तपासाचा धागा मुंब्र्यापर्यंत गेला. पूर्वी प्रश्नपत्रिका वाचण्यासाठी परीक्षार्थींना दहा मिनिटे आधी मिळे. हीच दहा मिनिटे गैरप्रकारास उपयोगी पडतात असे दिसल्यावरून २०२३ मध्ये मंडळाने ती सवलत काढून घेतली व तेवढा वेळ शेवटी वाढवून दिला.

ह्या घटनांत कोणी पासवर्ड फोडला नव्हता. प्रश्नपत्रिका कागदाचीच होती. ती आधी हाती पडली आणि मोबाईलच्या कॅमेऱ्याने तिचे रूपांतर क्षणात फाईलमध्ये केले. म्हणजे दोष कुलपाचा नव्हता. कागद उघडणे आणि परीक्षा सुरू होणे यांमधील वेळ राखणीवाचून राहिला, हा तो दोष होता.

ह्याच दृष्टीने मुंबई विद्यापीठाची रीत अभ्यासण्याजोगी आहे. विद्यापीठ प्रश्नपत्रिका परीक्षेच्या थोडा वेळ आधी महाविद्यालयांकडे संगणकाद्वारे पाठविते. तेथे त्या पासवर्डने उघडून, केंद्राची खूण असलेल्या प्रती काढल्या जातात. येथे पासवर्ड, जलचिन्ह आणि वेळ ह्या तिघांची सांगड घातलेली आहे. त्यांत वेळ हेच खरे कुलूप. प्रश्नपत्रिकेचे गुपित परीक्षा सुरू होईपर्यंतच मोलाचे असते. म्हणून ती जितक्या उशिरा उघडली जाईल, तितकी चोरीची संधी कमी.

आता ह्याची तुलना आपल्या वर्गातील यादीशी करून पाहावी. प्रश्नपत्रिकेचे गुपित तीन तासांत शिळे होते. मुलाचा आधार क्रमांक, जन्मतारीख आणि जात मात्र जन्मभर तीच राहतात. आज आठ वर्षांचा असलेला विद्यार्थी अठरा वर्षांचा होऊन बँकेत जाईल, तेव्हाही आपल्या हातून निसटलेली ती फाईल ताजीच असेल. प्रश्नपत्रिकेस वेळ राखते. मुलाच्या माहितीस वेळ राखीत नाही. तेथे एकच उपाय उरतो. जेवढी माहिती अवश्य आहे तेवढीच द्यावी आणि जेथे गरज नाही तेथे तिची प्रत मुळीच करू नये.

५. कायद्याची बाजू

लेखनस्वामित्व अधिनियम, १९५७ याच्या कलम ५२ नुसार शिक्षकाने किंवा विद्यार्थ्याने अध्यापनाच्या ओघात एखाद्या पुस्तकातील भाग उतरवून घेणे, तसेच परीक्षेच्या प्रश्नांत तो वापरणे, हा स्वामित्वभंग ठरत नाही. दिल्ली विद्यापीठाच्या आवारातील झेरॉक्स दुकानाविरुद्ध काही मोठ्या प्रकाशकांनी दावा लावला होता. दिल्ली उच्च न्यायालयाने २०१६ मध्ये शिक्षणासाठीच्या ह्या सवलतीचे तत्त्व उचलून धरले आणि २०१७ मध्ये प्रकाशकांनी तो दावा मागे घेतला. तथापि, संपूर्ण मार्गदर्शिका छापून विकणे किंवा दुसऱ्याने परिश्रमाने तयार केलेल्या स्वाध्यायपत्रिकांवरील नाव खोडून आपले घालणे, ह्यास ही सवलत लागू नाही. २०१२ च्या दुरुस्तीने ६५-अ व ६५-ब ही कलमे घातली गेली. स्वामित्वभंगाच्या हेतूने संरक्षक उपाय मोडणे, तसेच स्वामित्वाची माहिती जाणूनबुजून पुसणे, हे त्यान्वये गुन्हे ठरले.

मुलांच्या माहितीसंबंधी संसदेने २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला व त्याखालील नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये प्रसिद्ध झाले. अठरा वर्षांखालील प्रत्येक व्यक्तीस तो मूल मानतो व पालकांच्या संमतीस महत्त्व देतो. कायद्याची भीती हे सावधपणाचे एकमेव कारण मात्र असू नये. पालकाने आपल्या हाती मूल सोपविले, त्याबरोबर त्याची माहितीही सोपविली, ही जाणीव कायद्याहून जुनी आहे.

६. शाळेत पाळावयाचे नियम

(१) सही व शिक्का यांचे छायाचित्र मोबाईलमध्ये ठेवू नये. दाखल्याच्या फाईलवर ते चिकटविण्याची सोय वाटते, परंतु ज्याच्या हाती ती फाईल जाईल, त्याच्या हाती आपला शिक्काही जातो. दाखला छापावा, त्यावर हाताने सही करावी व नोंदवहीत जावक क्रमांक घालावा.

(२) आधारपत्राची प्रत मागावयाचीच असेल, तर पहिले आठ अंक झाकलेली प्रत चालेल किंवा कसे, हे आधी पाहावे. तशी प्रत आधार प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर मिळते.

(३) कुलूप आणि किल्ली एका पिशवीत ठेवू नयेत. संकेतस्थळावरून घेतलेल्या आधारपत्राच्या फाईलचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार इंग्रजी अक्षरे व जन्मवर्ष. तिच्याबरोबर शाळा सोडल्याचा दाखला पाठविला, तर नाव व जन्मवर्ष ही दोन्ही आपोआपच त्याच्यासोबत गेली. आपण स्वतः पासवर्ड लावला, तर तो त्याच संदेशात न पाठविता दूरध्वनीवर सांगावा.

(४) मजकूर झाकण्यासाठी त्यावर काळी पट्टी ओढणे पुरेसे नाही. पट्टीखालील अक्षरे फाईलमध्ये राहू शकतात. जानेवारी २०१९ मध्ये अमेरिकेत पॉल मॅनफोर्ट यांच्या वकिलांनी न्यायालयात दिलेल्या कागदपत्रांतील काळ्या पट्ट्यांखालचा मजकूर वार्ताहरांनी सहज उतरवून घेतला होता. नको असलेला मजकूर आधी पुसावा, मग फाईल तयार करावी.

(५) झेरॉक्सच्या दुकानात शक्यतो पेनड्राईव्ह न्यावा. फाईल पाठवावीच लागली, तर छपाई झाल्यावर समोर उभे राहून ती संगणकातून पुसून घ्यावी. तेथे आपले ई-मेल उघडले असल्यास ते बंद केल्यावाचून निघू नये.

(६) मुलांच्या याद्या शिक्षकांच्या व पालकांच्या सामायिक गटावर टाकू नयेत. ज्याची माहिती त्यालाच द्यावी.

(७) घटक चाचणीची प्रश्नपत्रिका वाटावयाची असल्यास प्रत्येक शाळेच्या प्रतीवर त्या शाळेचे नाव फिकट अक्षरांत छापावे व उघडण्याचा पासवर्ड चाचणीच्या दिवशी सकाळी कळवावा.

(८) जेथे गरज नाही तेथे कुलूप लावू नये. बालभारतीची पाठ्यपुस्तके संकेतस्थळावर सर्वांसाठी खुली आहेत, हे योग्यच आहे. आपण केलेली शैक्षणिक तक्ते व स्वाध्याय यांची सामग्री शेजारच्या शाळेस मिळाली, तर त्यात नुकसान नसून लाभ आहे. त्यावर आपले नाव व वर्ष तेवढे घालावे.

७. वर्गपाठाची रूपरेषा (इयत्ता सातवी)

उद्देश : नक्कल, फेरफार आणि फूट ह्या तीन गोष्टींतील भेद विद्यार्थ्यांच्या ध्यानात आणून देणे.

साहित्य : कागदाचे तुकडे, फळा, खडू, एक नाणे, पेन्सिल.

प्रस्तावना : नाण्यावर पातळ कागद ठेवून पेन्सिलीने घासण्यास सांगावे व छाप उमटल्यावर विचारावे, "नाणे गेले का? मग आपण काय नेले?"

विषयविवेचन :

पहिली कृती, कूटलेखन. प्रत्येक व्यंजनाऐवजी वर्णमालेतील पुढचे व्यंजन लिहावयास सांगावे. 'नगर' हा शब्द 'पघल' असा होईल. किल्ली ठाऊक नसलेल्या गटास तो ओळखण्यास द्यावा. थोड्या वेळात तो ओळखला जाईल. त्यावरून सोपी किल्ली का नको, हे मुले स्वतःच सांगतील.

दुसरी कृती, पडताळणी. पत्राखाली "एकूण शब्द १२" असे लिहून पत्र दुसऱ्या बाकावर पाठवावे. वाटेत एका मुलाने एक शब्द खोडावा. शेवटच्या मुलाने शब्द मोजून फेरफार ओळखावा. नंतर एका शब्दाच्या जागी दुसरा शब्द घालावा. आता मोजणी फसते. म्हणून संगणक शब्द न मोजता प्रत्येक अक्षराचे गणित करतो, हे समजावून सांगावे.

तिसरी कृती, खुणेची प्रत. चार गटांना एकच उतारा द्यावा, परंतु प्रत्येक प्रतीत एक शब्द वेगळा ठेवावा. एका गटाची प्रत गुपचूप फळ्यावर उतरवून "ही कोणत्या गटातून फुटली?" असे विचारावे.

फलकलेखन : कुलूप वाचन थांबविते. मोर्तब फेरफार उघड करते. खूण वाट दाखविते. डोळ्यांना दिसलेले परत घेता येत नाही.

उपयोजन : घरच्या मोबाईलमध्ये कोणकोणत्या कागदांची छायाचित्रे आहेत आणि त्यांतील कोणती अनावश्यक आहेत, हे पालकांच्या मदतीने पाहून येण्यास सांगावे. छायाचित्रे मात्र वर्गात आणू नयेत.

८. केंद्रसंमेलनात विचारार्थ प्रश्न

(१) आपल्या शाळेतील कोणत्या फाईलींचे गुपित काही दिवसांत शिळे होते व कोणत्या फाईलींचे कधीच होत नाही? दोन स्तंभांत यादी करा.

(२) गेल्या वर्षभरात आपण मुलांची माहिती कोणकोणास पाठविली, ह्याची नोंद आपणांजवळ आहे काय? नसल्यास ती कशी ठेवता येईल?

(३) छपाईची मनाई असलेली फाईल आणि पासवर्ड असलेली फाईल यांतील भेद पालकांना सोप्या भाषेत कसा सांगाल?

शेवटी एवढेच सुचवावेसे वाटते की, हा लेख वाचून झाल्यावर प्रत्येक शिक्षकाने आपला मोबाईल उघडावा आणि मुलांची जी माहिती काम संपल्यावरही त्यात पडून आहे, ती पुसावी. माझ्या ३२ मुलांची यादी मला परत मिळविता आली नाही. आपल्या वर्गाची यादी कदाचित अजून आपल्याच हातात असेल.